वाडीवरचं मूल यादीत कसं आणायचं: अंगणवाडीच्या सेवांमधली विषमता मोजण्याची आणि कमी करण्याची पद्धत

मासिक अहवालात ‘लाभार्थी ७४, लाभ मिळालेले ६७’ असं दिसलं की ग्रामपंचायत निर्धास्त होते. नव्वद टक्क्यांच्या वर काम झालं, आता आणखी काय हवं? पण हे ७४ आले कुठून? रजिस्टरवरून. आणि रजिस्टरवर तीच मुलं असतात जी कधी ना कधी कुणीतरी नोंदवली. ओढ्यापलीकडच्या वाडीतलं, पालावर जन्मलेलं, वीटभट्टीवरून मे महिन्यात परतलेलं मूल त्या ७४ मध्ये नसतंच. त्याला वर्षभर काहीही मिळालं नाही तरी अहवालात एक टक्काही कमी होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने किडकिडीत आढळली. ही राज्याची सरासरी आहे. एकाच गावात गावठाण, बौद्धवाडा आणि आदिवासी पाडा यांच्यात केवढा फरक आहे, ते सरासरीत कळत नाही. तो गावातच मोजावा लागतो, आणि मोजता येतो. ग्रामपंचायत सदस्य, बचत गटातल्या बाया, आशा, सेविका, संस्थेचे कार्यकर्ते अशा चार-पाच जणांनी मिळून दोनशे-अडीचशे घरांच्या गावात हे काम दोन-तीन दिवसांत करता येतं. ते कसं करायचं आणि त्यात काय चुकतं, ते पुढे दिलं आहे.

आधी नकाशा, तोही लांबच्या टोकापासून

समाजमंदिरासमोर जमिनीवर रांगोळीने किंवा खडूने गावाचा नकाशा काढा. गावठाणाच्या बायांबरोबर प्रत्येक वाडीतून किमान दोन बाया बोलवा. गावठाणातली माणसं एकटी नकाशा काढतात तेव्हा वाडी एका ठिपक्यात उरकतात; वाडीची बाई असेल तर घरं मोजून दाखवते. रस्ता, ओढा, पाण्याची जागा, शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान इतकं झालं की मुद्दाम विचारा: शेतात राहणारे सालगडी कुठे आहेत? पोल्ट्रीवर, गुऱ्हाळावर, खडी क्रशरवर, वीटभट्टीवर कुटुंबं आहेत का? गायरानावर किंवा वनजमिनीवर कुणाची घरं आहेत? कुणाची पालं पडतात का, आणि कोणत्या महिन्यांत? ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीत ही घरं बहुतेक वेळा नसतात. म्हणून ती यादी आधार धरून सर्वेक्षण करू नका.

नकाशा कागदावर उतरवून घ्या आणि घरफेरी सर्वांत लांबच्या वस्तीपासून सुरू करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. गावठाणापासून सुरुवात केली की दुसऱ्या दिवशी दुपारी गट थकतो आणि शेवटची वाडी एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारून भरली जाते. ज्या मुलांसाठी हे सगळं चाललंय, त्यांचीच माहिती मग सर्वांत कच्ची राहते.

वेळही सांभाळा. मजुरीला जाणारी आई सकाळी सातला घराबाहेर पडते. दहा ते पाचच्या फेरीत तिच्या घराला कुलूप मिळणार. वाड्यांवर सकाळी सहा ते आठ किंवा संध्याकाळी सहानंतर जा. बंद घराच्या दारावर खडूने खूण करा आणि दुसऱ्यांदा जा. दुसऱ्या फेरीत मिळणारी घरंच बहुधा सर्वांत गरजू असतात.

यादीत काय लिहायचं

सहा वर्षांखालचं प्रत्येक मूल, प्रत्येक गरोदर बाई आणि सहा महिन्यांपर्यंतचं बाळ असलेली प्रत्येक स्तनदा माता यांना एकेक ओळ द्या. त्या ओळीत वस्तीचं नाव (तिथली माणसं म्हणतात ते), मुलाचं आणि आईचं नाव, जन्मतारीख आणि ती कशावरून लिहिली, वर्षातले किती महिने कुटुंब इथे असतं, घरात कोणती भाषा बोलतात, अंगणवाडीच्या रजिस्टरवर नाव आहे का, गेल्या महिन्यात टीएचआरची (घरी न्यायच्या आहाराची) पाकिटं मिळाली का, माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या लसी दिसतात, दंडघेर किती, आणि चालणं, ऐकणं, बोलणं, पाहणं यात काही अडचण जाणवते का, एवढं असावं. जात घरोघरी जाऊन विचारू नका. वस्तीच्या नावावरून विश्लेषण पुरेसं होतं, आणि चारचौघांत जात विचारली की पुढच्या प्रश्नांची उत्तरं आखडती येतात.

प्रश्न कसा विचारता, यावर उत्तर ठरतं. “पोरगं अंगणवाडीत जातं का?” असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. “काल गेलं होतं का? परवा? काल तिथे काय खाल्लं?” असं विचारा. टीएचआरबद्दल विचारताना रिकामं का होईना, पाकीट दाखवायला सांगा आणि त्यावरची उत्पादनाची तारीख पाहा. लसीसाठी तोंडी उत्तर चालणार नाही. कार्ड हरवलं असेल तर ‘कार्ड नाही’ असंच लिहा आणि नर्सताईंच्या रजिस्टरवरून नंतर पडताळा.

वयात सर्वांत जास्त चुका होतात. दाखला नसला की माणसं ‘दीड-दोन वर्षांचं’ म्हणतात. चौदा महिन्यांचं मूल अठरा महिन्यांचं लिहिलं गेलं तर वयानुसार वजनाच्या आलेखावर ते आहे त्याहून कमकुवत दिसेल, आणि उलट झालं तर खरोखर कुपोषित मूल सुटेल. म्हणून सणावारांची, शेतीच्या कामांची एक पट्टी सोबत ठेवा: पोळा, गणपती, भाताची कापणी, दिवाळी, ऊसतोडीला जाणं, होळी, पाडवा, पहिला पाऊस. “बाळ झालं तेव्हा पोळा होऊन गेला होता का? दिवाळीला ते बसत होतं की रांगत होतं?” असं विचारत महिना पकडा. एकाच घरातल्या दोन भावंडांच्या तारखांत नऊ महिन्यांपेक्षा कमी अंतर आलं तर तिथेच थांबून पुन्हा विचारा.

मोजमाप

दंडघेराची पट्टी सहा महिने ते पाच वर्षं या वयात चालते आणि तिला नेमकं वय लागत नाही. लांबच्या वाडीवर म्हणूनच ती सर्वांत उपयोगी. मुलाचा डावा हात घ्या. कोपर काटकोनात दुमडून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. मग हात सरळ खाली सैल सोडू द्या आणि खुणेवर पट्टी गुंडाळा. पट्टी त्वचेला सगळीकडे टेकली पाहिजे, पण मांसात रुतता कामा नये. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आलं तर तीव्र कुपोषण (पट्टीवर लाल रंग), ११.५ ते १२.५ च्या आत आलं तर मध्यम (पिवळा).

पट्टी सैल धरली की घेर जास्त येतो आणि लाल रंगातलं मूल पिवळ्यात जातं. हात दुमडलेलाच ठेवला तरी तेच होतं. बाहीवरून मोजू नका. ११.३ ते ११.७ च्या मध्ये आकडा आला तर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. रडणाऱ्या मुलाला आईच्या मांडीवर बसवून, शांत झाल्यावरच मोजा.

दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून सोडा. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती सूज आहे आणि दंडघेर कितीही असला तरी ते मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेलं पाहिजे. सुजलेलं मूल गुबगुबीत दिसतं आणि त्याचं वजनही चांगलं भरतं, म्हणून ते हमखास सुटतं.

वजन-उंची अंगणवाडीत होते. टांगता काटा असेल तर झोळी अडकवून मगच शून्यावर आणायचा, आधी नाही. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, त्यावरच्या मुलाची उंची उभं करून घ्यायची. या दोन मापांत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. वाडीवर एकदा अशी, एकदा तशी मापं घेतली की वाढ खुंटली की नाही, हे कळायला मार्ग राहत नाही.

आकडे वस्तीनुसार मांडा

समजा, घरफेरीत ९० मुलं सापडली: गावठाण ६०, बौद्धवाडा १८, कातकरवाडी १२. रजिस्टरवर अनुक्रमे ५८, १३ आणि ३, एकूण ७४. गेल्या महिन्यात आहार मिळालेली ५४, ११ आणि २, एकूण ६७.

रजिस्टर पाया धरला तर ७४ पैकी ६७, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर. घरफेरी पाया धरली तर ९० पैकी ६७, म्हणजे ७४ टक्के. आणि वस्तीनुसार पाहिलं तर गावठाणात ९० टक्के, बौद्धवाड्यात ६१ आणि कातकरवाडीत फक्त १७ टक्के. तेच गाव, तोच महिना.

यातून आणखी एक गोष्ट वेगळी काढता येते. ९० पैकी १६ मुलं रजिस्टरवरच नाहीत (२, ५ आणि ९). सात मुलं रजिस्टरवर आहेत, पण त्यांना मिळालं नाही (४, २ आणि १). पहिल्या गटासाठी नोंदणी करावी लागेल, दुसऱ्यासाठी वाटपाची जागा, वेळ किंवा वागणूक बदलावी लागेल. दोन्ही गट एकत्र करून ‘लाभ वाढवा’ असा ठराव केला तर सेविका गावठाणातली उरलेली चार मुलं गाठते, टक्केवारी वाढते आणि वाडी जिथे होती तिथेच राहते.

कारण शोधताना

वाडीची माणसं आळशी, त्यांना मुलांची फिकीर नाही, असं गावात सर्रास ऐकू येतं. ते कारण म्हणून लिहून घेऊ नका. त्याऐवजी तीन वर्षांच्या मुलाला त्याच्या आईसोबत घरापासून अंगणवाडीपर्यंत चालवत न्या आणि घड्याळ लावा. मोठ्या माणसाची दहा मिनिटांची वाट लहान मुलाला वीस-पंचवीस मिनिटं लागते. वाटेत ओढा आहे का, पावसाळ्यात त्यावर काय होतं, हमरस्ता ओलांडायचा आहे का, कुणाच्या दारातली कुत्री अंगावर येतात, कुणाच्या बांधावरून जाऊ देत नाहीत, हे सगळं नोंदवा. मूल सोडायला, आणायला रोज दोन फेऱ्या म्हणजे मजूर आईचा जवळजवळ दीड तास. हंगामात तेवढ्यासाठी तिचा अर्धा रोज जातो.

मग केंद्रात बसा. एक दिवस पुरत नाही. पाहुणा आहे म्हणून पहिल्या दिवशी सगळं नीट होतं. तीन दिवस बसा आणि बारीक गोष्टी पाहा. कोणती मुलं सतरंजीवर पुढे बसतात आणि कोणती दारापाशी? ताट सगळ्यांना केंद्रातलं मिळतं की काही मुलं घरून वाटी आणतात? मदतनीस काही ताटांत हात खाली नेऊन वाढते आणि काहींत वरून सोडते का? गाणं म्हणताना नाव घेऊन कुणाला पुढे बोलावतात? शेंबूड पुसायला कुणाला जवळ घेतात आणि कुणाला “घरी जाऊन धुऊन ये” म्हणतात? तीन वर्षांचं मूल तक्रार करत नाही. ते दुसऱ्या दिवशी यायचं बंद होतं आणि रजिस्टरवर ‘अनियमित’ असा शेरा पडतो. आहार शिजवणारी बाई दलित आहे म्हणून गावठाणातली मुलं जेवत नसतील तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिहा.

भाषेची अडचण बाहेरच्याला लवकर दिसत नाही. कोरकू, पावरी, गोंडी, माडिया, वारली, कातकरी किंवा पारधी बोलणारं मूल प्रमाण मराठीतल्या सूचनेला गप्प बसतं आणि ‘मंद’ ठरतं. घरात पाहिलं तर तेच मूल सलग गोष्ट सांगत असतं. विकास तपासताना आईला घरच्या भाषेत तोच प्रश्न विचारायला लावा.

टीएचआर वाटपाच्या दिवशी आठवडे बाजार आहे का, तेही पाहा. चेहरा पडताळणीची अट आल्यापासून आणखी एक अडथळा वाढला आहे: नोंद आईच्या नावावर, आई कामावर आणि पाकीट न्यायला आजी आलेली. मोबाईल क्रमांक बदललेला असतो, किंवा वाडीवर रेंजच नसते. अशी नावं वेगळी काढून अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेकडे द्या. मुलाचं स्वतःचं आधार कार्ड नाही म्हणून आहार नाकारला जात असेल तर तो नियम नाही, आईच्या नोंदीवर सेवा मिळते. हे सेविकेला ठामपणे, पण तिच्यावर न ओरडता सांगा.

स्वस्त आणि लगेच होणारे उपाय आधी

नवी अंगणवाडी मिळायला वेळ लागतो. तोवर बरंच काही गावाच्या हातात आहे.

टीएचआर वाडीवर नेऊन वाटा. दिवस आणि वेळ ठरलेली हवी, उदाहरणार्थ दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी संध्याकाळी साडेसहाला समाजमंदिरासमोर, आणि आदल्या दिवशी दवंडी. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवसाचं ठिकाण आलटून पालटून वाडीवर ठेवा, म्हणजे लसीकरण, वजन आणि गरोदर मातांची तपासणी एका फेरीत होते. नर्सताईंना लसीचा डबा नेण्यासाठी गाडी लागेल. ती सोय आधी झाली नाही तर ठरलेला दिवस पहिल्याच महिन्यात मोडतो आणि वाडीचा विश्वास जातो.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आणण्यासाठी वाडीतल्या एखाद्या बाईला मानधन देऊन ‘चालती गाडी’ करा: ती दहा-बारा मुलांना एकत्र घेऊन येते आणि परत नेते. आईचे दीड तास वाचतात. हीच बाई केंद्रात बसून घरच्या भाषेत बोलली तर भाषेचाही प्रश्न बराचसा सुटतो. सेविकेसाठी त्या भाषेतले पन्नास-साठ शब्द लिहून भिंतीवर लावा: पाणी, भूक, दुखतंय, ये, बस, शाबास, भीती, शी-शू, आई, घर. यातले ‘दुखतंय’ आणि ‘भूक’ हे शब्द पहिल्या दिवशीच लागतात.

बसण्याच्या आणि वाढण्याच्या भेदभावावर सभेत भाषण करून फरक पडत नाही. बसायची जागा रोज बदलणारी करा, सगळ्यांना एकाच प्रकारची ताटं द्या आणि वाढायला आठवड्यातून एकदा वेगवेगळ्या वस्तीतल्या दोन माता बोलवा. बाहेरचे डोळे असले की वागणूक पहिल्या आठवड्यातच बदलते. त्यानंतरही बदलली नाही तर पर्यवेक्षिकेकडे लेखी द्या.

इथे सेविकेबद्दल एक गोष्ट. तिचं रजिस्टर आणि घरफेरी यांत फरक निघाला की काही जण लगेच तिच्या निलंबनाची मागणी करतात. हे करू नका. तिच्याकडे मोबाईलवरच्या नोंदी, आहार, वजनं, गृहभेटी, शाळापूर्व शिक्षण आणि वर निवडणुकीची कामं असतात. लांबची वाडी पायी गाठायला तिला प्रवास भत्ता नाही. तिला घरफेरीत सुरुवातीपासून सोबत घ्या, आणि अहवालात ‘सेविकेने नोंदवलं नाही’ऐवजी ‘नोंद राहिली’ असं लिहा. पुढचे सहा महिने काम तिच्याच हातून होणार आहे.

लाल पट्टीचं मूल

११.५ च्या खाली दंडघेर निघालेल्या मुलाला नर्सताई किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा. ताप, जुलाब, सूज, सुस्ती नसेल आणि मूल खात असेल तर अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात उपचार होतात. काही गुंतागुंत असेल, किंवा भूक नसेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावं लागतं, साधारण दोन आठवडे.

गरीब घरातली आई इथेच अडते. ती दोन आठवडे दवाखान्यात राहिली तर बाकीच्या मुलांना कोण सांभाळणार, चूल कोण पेटवणार आणि मजुरीचं काय? “आई तयार नाही” असा शेरा मारण्याआधी ही तीन उत्तरं तयार ठेवा. बुडीत मजुरी मिळते का, किती आणि कधी, हे केंद्रातून फोनवर विचारून तिला स्पष्ट सांगा. घरच्या मुलांसाठी शेजारीण किंवा मावशी ठरवा. सोबत आशाताई जाणार असतील तर होकाराची शक्यता खूप वाढते. घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा, कारण पाठपुरावा नसेल तर मूल पुन्हा लाल पट्टीत जातं.

नवं केंद्र मागताना

सर्वसाधारण भागात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी आणि १५० ते ४०० साठी मिनी अंगणवाडी. आदिवासी, डोंगराळ भागात ३०० ते ८०० ला एक आणि १५० ते ३०० ला मिनी, असे योजनेचे निकष आहेत. याशिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळण्याचा हक्क ग्रामीण वस्त्यांना आणि झोपडपट्ट्यांना आहे. केंद्रं देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्यावं, असंही त्यात म्हटलं आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमातींच्या वाड्यांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन या केंद्राच्या योजनेत अंगणवाड्यांची वेगळी तरतूद आहे.

वाडीत बाराच मुलं असतील तर चाळीसचा निकष एकटीने पूर्ण होत नाही. शेजारच्या दोन-तीन वाड्या जोडून, मधली जागा दाखवून मागणी करा. पण जोडताना त्या वाड्यांमधली वाट आणि त्यांचं आपसातलं नातं दोन्ही पाहा, नाहीतर केंद्र पुन्हा एकाच वाडीचं होऊन बसतं.

अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला. मजकूर लांबवू नका:

“आमच्या वस्तीत (नाव, गाव, तालुका) सहा वर्षांखालील ४३ मुले राहतात. नावांची व जन्मतारखांची यादी सोबत जोडली आहे. सर्वांत जवळची अंगणवाडी १.८ किलोमीटरवर असून वाटेत ओढा आहे. जून ते सप्टेंबर ती वाट बंद असते. वस्तीत अंगणवाडी सुरू करावी, ही मागणी आम्ही आज रोजी करीत आहोत. तोपर्यंत आहार वाटप व लसीकरण वस्तीवर करावे.”

शेवटचं वाक्य वगळू नका. त्यामुळे मंजुरी येईपर्यंत कार्यालयाला हात वर करता येत नाहीत. खाली मातांच्या सह्या किंवा अंगठे, सोबत यादी, नकाशा आणि ग्रामसभेचा ठराव. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका, कारण तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत. मुदत उलटली की माहिती अधिकारात अर्जावर झालेली कार्यवाही, तालुक्यातली मंजूर आणि चालू केंद्रांची यादी आणि वस्तीचं कुटुंब सर्वेक्षण रजिस्टर यांच्या प्रती मागा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला माफ, उत्तराची मुदत ३० दिवस.

पैसा कुठून

मदतनीस बाईचं मानधन, ताटं, सतरंजी, ओढ्यावरचा छोटा साकव, लसीच्या डब्यासाठी गाडीभाडं या सगळ्याला ग्रामपंचायतीकडे पैसा असतो. स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. पेसा क्षेत्रातल्या (अनुसूचित आदिवासी भागातल्या) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. हा पैसा बऱ्याचदा गावठाणातल्या अंगणवाडीच्या रंगरंगोटीवर किंवा शिलाई मशीनच्या प्रशिक्षणावर जातो. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत वस्तीनुसार तक्ता वाचून दाखवा आणि ठरावात वस्तीचं नाव, काम आणि रक्कम तिन्ही लिहून घ्या. ‘अंगणवाडी सुविधा’ एवढाच शब्द राहिला तर पैसा पुन्हा गावठाणातच जिरतो. गावाच्या विकास आराखड्यातही ते काम आलं पाहिजे.

स्थलांतर: वर्षातले सहा महिने हरवणारी मुलं

बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. रायगड, पालघरचे कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी येतात. मूल एक वर्षाचं असताना एक हंगाम, दोन वर्षांचं असताना दुसरा. मेंदूची आणि शरीराची सर्वांत वेगाने वाढ होण्याचा काळ असा यादीबाहेर जातो.

जाण्याआधी महिनाभर, म्हणजे सप्टेंबरमध्ये, काम सुरू करा. कोणती जोडपी कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याच्या कोणत्या गटात जाणार, ते विचारा. उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळे मुकादमाला हे पक्कं माहीत असतं. या मुलांच्या राहिलेल्या लसी आधीच पूर्ण करून घ्या. कार्डाचा फोटो आईच्या आणि बापाच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. अंगणवाडीचं नाव आणि सांकेतांक कार्डाच्या मागे लिहून द्या. पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीच्या नोंदींचं मोबाईल ॲप, २०२१ पासून देशभर तेच आहे) एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नाव नेण्याची सोय आहे. पण पहिल्या केंद्रात नाव ‘चालू’ ठेवून हजेरी लावली जात असेल तर दुसरीकडे त्याचा फायदा होत नाही. कोण कधी गेलं, याची तारीख रजिस्टरवर पडायलाच हवी.

पोहोचण्याच्या बाजूला काम अधिक अवघड आहे. तोडणीवाले पहाटे चार-साडेचारला कोपीतून (तात्पुरत्या झोपडीतून) निघतात, लहान मूल फडावर पाचटाच्या सावलीत झोपवलेलं असतं. कारखान्याजवळच्या गावातली अंगणवाडी दहाला उघडते. तिचा या मुलाला उपयोग शून्य. टोळ्यांची यादी कारखान्याच्या शेतकी विभागात असते आणि कोणती टोळी आज कोणत्या शिवारात आहे ते चिटबॉयला (तोडणीवर देखरेख करणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) माहीत असतं. ती माहिती तिथल्या पर्यवेक्षिकेपर्यंत हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात पोचली तर कोप्यांवर टीएचआर आणि लसीकरण नेता येतं. कोप्यांच्या तळावर मागे राहणारी एखादी म्हातारी असतेच. तिला आणि आणखी एकीला मानधन देऊन तिथेच पाळणाघर चालवणं, पाणी, सावली आणि दुपारचा ताजा आहार देणं, हा आम्हाला सर्वांत परिणामकारक उपाय वाटतो. कारखाना, ग्रामपंचायत आणि प्रकल्प कार्यालय यांच्यात खर्च वाटून घेता येतो. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडी-सह-पाळणाघराची तरतूद आहे, तिची मागणीही अंगणवाडीच्या अर्जात घाला.

शहरात हीच अडचण बांधकामाच्या साइटवर दिसते. तिथे मुकादमाच्या जागी ठेकेदार आणि पहाटेच्या जागी दिवसभराची धूळ. पद्धत तीच.

दिव्यांगत्वाची शंका असलेली मुलं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवायची असतात. पथक अंगणवाडीला वर्षातून दोनदा येतं. तारीख आधी काढा, वाडीवरची अशी मुलं त्या दिवशी गाडीने आणा. पथक येऊन गेल्यावर कळलं तर पुढचे सहा महिने गेले.

पुन्हा मोजणी

दर तीन महिन्यांनी त्याच यादीवरून, त्याच क्रमाने फेरी मारा. एक फेरी परतीच्या हंगामात पडेल अशी ठेवा: कुटुंब आल्यापासून पंधरा दिवसांत मुलाचा दंडघेर घ्या, कारण कामावरचा हंगाम मुलाने कसा काढला, हे त्या मापावरून कळतं. तक्त्यात गावाचा एकूण आकडा सर्वांत खाली लिहा आणि सर्वांत मागे असलेली वस्ती सर्वांत वर. चावडी वाचनात मुलांची नावं वाचू नका, फक्त वस्तीनुसार आकडे वाचा. नावांची यादी सेविका आणि आशा यांच्याकडेच राहू द्या. भिंतीवर लावलेल्या कुपोषित मुलांच्या नावांमुळे आया पुढच्या वजनाला येणं टाळतात. वाडीतली एक बाई प्रत्येक फेरीत गटात असावी, आणि यादीत नवं घर तिच्याच सांगण्यावरून चढावं.